विहिरीतून वर येणाऱ्या गुलाबदादास

प्रिय गुलाबदादा,

नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज कौंडण्यपूरच्या जत्रेत, तंबूच्या मागे, फिल्मच्या पेटीवर कागद ठेवून लिहायला बसलोय. सकाळ आहे. पलीकडे लोक नदीवर अंघोळी करून देवळाकडे चाललेत. बाभळीखाली आपली बैलांची दमणी उभी आहे आणि दमणीत माय बसली आहे. ती घरी जात नाही आणि माझ्याशी बोलतही नाही. काल संध्याकाळी तिनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आज दिवस मावळायच्या आत तिला हो किंवा नाही सांगायचं आहे. दादा, मी काय सांगू? तुझ्याशिवाय हे विचारायचं तरी कुणाला?

मायनं आपला सिनेमा पाहिला रे.

इतकी वर्षं मी तिला त्यापासून लांब ठेवलं. अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, जिथं म्हणशील तिथं दाखवला, पण अमरावतीच्या बाजूला ही पेटी कधी उघडली नाही. तो काढणारे उस्ताद मागच्या साली वारले आणि मशीन, तंबू, पेटी सगळं माझ्या गळ्यात टाकून गेले. या जत्रेत मी दुसरी चित्रं दाखवायला आलो होतो, ही पेटी नुसती सोबत होती. पण शेजारच्या तंबूत बोलपट लागलाय, आपल्याकडे कुत्रं फिरकेना. मग दोघं-चौघं ओरडले, ‘हाकीवाला लाव बे!’ मी लावला. माय शेजारच्या बायकांबरोबर दमणी जुंपून जत्रेला आली असेल आणि बायकांच्या कनातीत पुढ्यात येऊन बसली असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुला तो सिनेमा पूर्ण पाहायलाच मिळाला नाही, नाही का? थांब, तुला सांगतो.

पहिल्यांदा आपला मळा दिसतो. वांग्याचे वाफे, झेंडू, मोट हाकणारा तू. मग कॅम्पातल्या मैदानावरचे साहेबी बुटांतले खेळाडू तुला हसतात, कारण तुझ्या हातात विकतची हॉकी स्टिक नाही, तुतीची वाकडी फांदी आहे. मग ते दुष्ट लोक तुला विहिरीत ढकलून देतात. ते नुसतं पाटीवर लिहून येतं, दिसत नाही. पाणी दिसतं, एकदम शांत. आणि त्या पाण्यातून साती आसरांच्या, विहिरीतल्या देवींच्या, कृपेनं तुझी काठी तुला वर खेचते. तू हातपाय मारतोस, पाण्याबाहेर उडतोस आणि थेट विहिरीच्या काठावर येऊन उभा राहतोस. हसतोस! पुढं सामना. तुझ्या काठीला चेंडू चिकटून राहतो, अकरा जणांना वळसे घालतो, गोलकीपरच्या पायांतून उंदरासारखा निसटतो. लोक टोप्या उडवतात.

आता तू हसशील. चेंडूला काळी तार बांधली होती आणि ती तार मी गवतात लोळून ओढत होतो. माझी कोपरं सोलून निघाली, तर तू म्हणालास, ‘डावऱ्या, लई झाक ओढतं बे तू, नागपूरले जाशीन!’

आणि उलटं पळणं आठवतं? उस्तादांच्या कॅमेऱ्याचं हँडल उलटं फिरवलं की पडद्यावर सगळं उलटं दिसायचं. पुढे पळणारा मागे जायचा आणि मागे पळणारा पुढे. उस्तादांच्या डोक्यात आलं की बाकीचे सगळे मागे सरकताना दिसावेत आणि गुलाब एकटा पुढे. म्हणजे शूटिंगमध्ये तू मागे पळायचं. तू पंधरा दिवस मळ्यात पाठमोरा पळालास. माय बाजारातून आली तर वांग्याचा एक वाफा तुडवलेला. ‘काहून रे, मांगं डोये फुटले का तुले?’ असं म्हणून तिनं तुझ्यामागे झेंडूची टोपली फेकली. तू तीसुद्धा पाठमोरा पळतच झेललीस. ती हसायला लागली आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

या उलट्या हँडलापायीच माझं नशीब उघडलं असं मला तेव्हा वाटलं होतं. उस्तादांचा हात उलट्या बाजूनं एकसारखा फिरत नसे, अडखळायचा. मी डावखुरा. माझ्या डाव्या हातात ते घड्याळासारखं फिरे. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारल्या, घरी कुणी डाव्या हातानं वाढू देईना, आणि इथं अकोल्याचा एवढा मोठा फोटोवाला म्हणतो, ‘शामू, उलटा काम सब तेरे हाथ का!’ मी हवेत होतो दादा. त्यांनी मला एकच नियम शिकवला, कॅमेऱ्याचाही तोच आणि दाखवायच्या मशीनचाही तोच: ‘कुछ भी हो जाए, हाथ रुकना नहीं चाहिए।’ कॅमेऱ्याचा हात थांबला तर चित्र वाया. मशीनचा हात थांबला तर दिव्यासमोर फिल्म थांबते आणि पेटते. पेटली की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी भुर्रकन जाते, विझवता येत नाही.

तो नियम मी पाळला.

सामना आधी काढून झाला होता. विहिरीचं काम शेवटी ठेवलं. विहीर आपलीच, आज्यानं खोदलेली. भातकुलीकडचे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातले सोयरे आले की आधी तिचं पाणी ओंजळीनं प्यायचे आणि मग घरात यायचे. तूही तिच्यातच पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलास आणि मलाही तूच ढकलून शिकवलंस. त्या विहिरीत तुला काही होईल असं कुणाच्या मनात यावं?

माय सकाळी जाताना सांगून गेली होती, ‘आसराचं नाव घेऊन राहिले ना सिनेमात? मंग आगुदर दहीभात ठेवजा काठावर. माह्यासाठी थांबजा. मी बाजारातून आली का ठेवतो.’ थांबलो का आपण? दुपारचं ऊन चांगलं आहे म्हणून उस्तादांनी घाई केली. तू म्हणालास, ‘मायचं काय, ते तं भेंडीच्या शेंगालेयी हळद-कुकू लावते.’ आणि काठावरचे आसरांचे शेंदूर लावलेले सात खडे चित्रात येत होते, म्हणून ते उचलून मी झेंडूच्या वाफ्यात ठेवले. सगळ्या जगाला आठवतं की खडे हलवले. कुणी हलवले हे मी सांगितलं नाही.

ठरलं होतं असं: तू काठावर उभा राहून हसायचंस, पाठमोरी उडी घ्यायचीस, पाण्यात हातपाय मारायचेस, उस्ताद वीस मोजतील तोवर. मग बुडी मारून पायऱ्यांच्या अंगाला, कपारीत, चित्राबाहेर निघायचंस. आणि मी पाणी अगदी शांत होईपर्यंत हँडल फिरवायचं, कारण पडद्यावर सुरुवात त्या शांत पाण्यानं होणार होती. काठी तुझ्या हातातून सुटली तर सगळं फुकट. म्हणून काळ्या तारेनं ती तुझ्या मनगटाला बांधायची.

गाठ मी बांधली. तू म्हणालास, ‘आवय पक्की.’ मी पक्की आवळली.

तू उडी मारलीस. काय सुरेख मारलीस रे! मैदानावरची सगळी पोरं काठावर शिट्ट्या मारत होती, टाळ्या पिटत होती. तू हातपाय मारायला लागलास. उस्ताद मोजत होते. वीस झाले. तू हातपाय मारतच होतास. उस्ताद म्हणाले, ‘वाह, क्या काम कर रहा है!’ तू मोकळा हात वर केलास, बोटं पसरून, माझ्याकडे. तुझे ओठ हलले. शिट्ट्यांत मला काही ऐकू आलं नाही. हे नाटक नाही अशी शंका मला आली, हे मी आज कबूल करतो. आली होती. पण हात फिरत होता. मला वाटलं, दादा आपल्या मनानं भर घालतोय, नेहमीसारखा. मग तू खाली गेलास. पाणी हळूहळू शांत झालं. आणि मी फिरवत राहिलो दादा, तू खाली असताना, त्या शांत पाण्यावर, एकसारखा, अजिबात न अडखळता.

काठावरच्या उंबराच्या मुळ्या विहिरीच्या भिंतीतून पाण्याखाली आल्या होत्या. काठीचं वाकडं टोक त्यांत अडकलं होतं. तार तुटत नव्हती आणि गाठ सुटत नव्हती.

तुला वर काढलं तेव्हा विळ्यानं तार कापली. त्या तारेचा अर्धा वळसा तुझ्या मनगटात रुतलेला मी पाहिला आणि पळालो. पऱ्हाटीत जाऊन पडलो. परत आलो तोवर उस्तादांनी आणि पोरांनी सगळं ठरवून टाकलं होतं. शूटिंग संपलं होतं, गुलाब हातपाय धुवायला उतरला, शेवाळावरून पाय घसरला. शामू तर तिथं नव्हताच, तो सामान घेऊन बडनेऱ्याला रेल्वेगाडीवर गेला होता. पंचनाम्यातही तेच आलं. उस्ताद मला म्हणाले, ‘माँ का एक बेटा गया, दूसरा भी उसके सामने से मत ले जा.’ मी हो म्हणालो. चांगुलपणानं सांगत होते ते. मी भित्रेपणानं ऐकलं.

आणि लोकांनी आसरांचं नाव घेतलं. खडे हलवले, दहीभात ठेवला नाही, आसरांनी जवान पोरगा नेला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. देवतांच्या माथी मारलं की माणूस सुटतो. सुटलो का मी?

रीतीप्रमाणे विहीर उपसली. दोन मोटा तीन दिवस चालल्या. तळाचा गाळ लागला तेव्हा मुळ्यांतून तुझी काठी निघाली. मायनं ती पदरानं पुसली आणि घरात नेली. आजही ती देव्हाऱ्याच्या बाजूला उभी आहे. त्या दिवसापासून मायनं झेंडू लावणं सोडलं. म्हणे, ‘या पान्याचं फूल देवाले नाई वाहाचं. भाजी खाईन लोक, फूल नाई.’ फुलमाळ्याच्या घरात नऊ वर्षं फूल नाही दादा! दसऱ्याला आम्ही बाजारातून तोरणाची फुलं विकत आणतो.

तू विचारशील, मग हा सिनेमा तू दाखवतोस तरी कसा? तुझा हात कसा धजतो?

खरं सांगू? पहिल्यांदा उस्तादांनी अकोल्यात लावला तेव्हा मी उठून बाहेर जाणार होतो. पण पडद्यावर पाणी हललं, तू वर आलास, काठावर उभा राहून हसलास आणि सगळा तंबू टाळ्यांनी फुटला. मी खुर्चीला धरून रडलो. त्यानंतर मला त्याचं व्यसन लागलं. गावोगाव मीच मशीन फिरवायचो आणि मीच ओरडायचो, ‘पाहा हो, आसराची करनी पाहा! आला, आला, गुलाब वर आला!’ रोज संध्याकाळी एकदा तरी तू वर यायचास. माझ्यासारख्याला आणखी काय हवं होतं? जादू खोटी आहे हे ज्यानं ती केली त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याचाच तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा बसतो. लाज वाटते रे. पण बसला होता.

एक गोष्ट मात्र मी कधी केली नाही. ती विहिरीची फिल्म शेवटाकडून लावून उलटी फिरवली, तर जसं घडलं तसं दिसेल. आधी तू काठावर, मग उडी, मग पाणी, मग तो हात. आणि तुझे ओठ सुलटे हलतील. तू काय म्हणालास ते कळेल. एवढं सोपं आहे, दादा. मशीन माझं, फिल्म माझी, डावा हात माझा. नऊ वर्षांत मी ते केलं नाही.

कालही मी तसाच ओरडलो, ‘आला, आला, गुलाब वर आला!’ टाळ्या पडल्या. आणि बायकांच्या कनातीतून एक आवाज आला, अगदी शांत.

‘हा तं कोरडा हाय.’

मी आवाज ओळखला. कशीबशी रीळ संपवली. लोक बाहेर गेले तरी माय पडद्यासमोर मांडी घालून तशीच बसलेली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिनं वर पाहिलं नाही.

‘शामू, इहिरीतून निंगाला आन् धोतर कोरडं? केसातून एक थेंब नाई?’

‘माय, ते जादूचं असते. आसरायची...’

‘मले नको सांगू आसरायचं. चाळीस साल पानी वढलं म्या. पानी वर उडून परत इहिरीत बसत होतं. असं कोनतं पानी करते? हा वर येऊन नाई राहिला. हा खाली जाऊन राहिला.’

मी उगाच पडद्याची दोरी सोडायला लागलो.

मग तिनं विचारलं, ‘मंग वर कवा आला?’

दादा, नऊ वर्षं शेकडो लोकांनी ते चित्र पाहिलं. वकिलांनी पाहिलं, मास्तरांनी पाहिलं. टोपलीभर भाजी विकणाऱ्या आपल्या मायनं एकदा पाहिलं आणि तुझं धोतर कोरडं आहे एवढ्यावरून सगळं ओळखलं. मी तिच्यापुढे खाली बसलो आणि म्हणालो, ‘माय, मी बडनेऱ्याले नोतो गेलो.’

‘मालूम हाय मले.’

‘कवापासून?’

‘काठी निंगाली तवापासून. तारेची गाठ हाय ना तिच्यावर. उजव्या हाताची गाठ एका अंगानं पडते, डाव्या हाताची दुसऱ्या. हार बांधाले तुमाले म्याच शिकवलं ना रे? तुही गाठ मी आंधारात हात लावून सांगतो.’

ती गाठ नऊ वर्षं देव्हाऱ्याशेजारी होती दादा. घरी आलो की मी तिच्यासमोरच जेवायला बसत होतो. माय मला भाकर वाढत होती. एकदाही तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. तिनं रडावं, मारावं, घराबाहेर काढावं, काहीही करावं! त्याऐवजी ती माझ्या ताटात तुझ्या वाट्याचा ठेचा वाढत राहिली. तुला ठाऊक असेल तर सांग, ती कशाची वाट बघत होती? मी आपण होऊन सांगेन याची? नऊ वर्षं?

मी विचारलंच. ‘बोलली काहून नाई माय तू?’

‘गाठ तुही हाय हे दिसलं. पन तू त्या वक्ती काय करून राहिला होता हे थोडीच गाठ सांगते? आज दिसलं.’ मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, ‘तवा ते मशीन फिरवून कोन राहिलं होतं?’

‘मीच.’

‘त्यानं हात केला. मले दिसला. तुले नाई दिसला?’

‘दिसला, माय.’

‘मंग थांबला काहून नाई?’

मी तिला तो नियम सांगितला. कॅमेऱ्याचा हात थांबवायचा नसतो. दादा, तो नियम आपल्या मायला सांगताना माझ्या तोंडातून कसा निघाला असेल? तिनं पूर्ण ऐकून घेतला. बाजारात गिऱ्हाईक उगाच घासाघीस करतं तेव्हा ती जशी बघते तशी बघत होती. मग उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, ‘मले जसं झालं तसं दाखव. सिनेमावानी नाई. त्याचं तोंड हालून राहिलं होतं. काय बोलला माहा लेक, ते मले पाह्याचं हाय. उद्या दिवस बुडाच्या आंदी हो का नाई ते सांग. नाई म्हनलं तरी मी काई करनार नाई. पन मंग या पेटीपाशीच राह्य, माह्या घरी नको येऊ.’

ती काल बाहेर गेली ती आतापर्यंत दमणीतच आहे. मी चहा नेला, घेतला नाही. भाकर नेली, बैलाला घातली.

मी काय करू, सांग ना दादा! नाही म्हणालो तर माय गेली. हो म्हणालो तर तिच्या डोळ्यांदेखत तिचा मुलगा बुडणार. आणि तो बुडताना मशीनचं हँडल माझ्याच डाव्या हातात असणार, पुन्हा. शेवटचं ते शांत पाणी येईल, आणि मी पुन्हा फिरवत राहीन. कसं फिरवू? उस्तादांनी हा हात मला दिला तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. आज सकाळपासून मी तो दोनदा बाजेच्या कडेवर आपटून पाहिला. सुजला आहे, पण फिरतो.

आणि सगळ्यात वाईट भीती कुठली ते तुला सांगतो, मायला सांगणार नाही. तू काय म्हणालास याची. ‘माय’ म्हणाला असशील तर तिचं काळीज फाटेल. ‘वाचवा’ म्हणाला असशील तर दोषाची काठावरच्या सगळ्यांत वाटणी होईल, माझ्या वाट्याला थोडं कमी येईल. पण तू माझ्याकडे पाहत होतास. तू मला हाक मारलीस, हो ना? ‘डावऱ्या’ म्हणालास ना? ओठ मिटलेले नव्हते, सुरुवातीलाच उघडे होते, एवढं उलट्या चित्रातही मला दिसतं. ‘माय’ला ओठ आधी मिटावे लागतात. मी नऊ वर्षं बघतोय, मला कळणार नाही का?

तुझाही थोडा राग येतो रे. नेहमी नाटकं करायचास. मैदानावर पायाला लागलं नसताना लंगडायचास आणि पंच बघेनासे झाले की मला डोळा मारायचास. माय भाजीला गेली की विहिरीत तळ गाठून बसायचास, मी काठावर बोंबलायचो, आणि मग फिदीफिदी हसत वर यायचास. सगळ्यांना सवय लावून ठेवली होतीस. एकदा तरी खरं ओरडताना वेगळं ओरडायचंस! पण कसं वेगळं ओरडणार होतास? पाणी तोंडात गेलेल्या माणसाला का नाटकी आणि खरं वेगळं करता येतं? चुकलो. हे लिहायला नको होतं. खोडत नाही, तुझ्यापासून आता काही खोडायचं नाही.

आता ऊन तंबूवर आलंय. बोलपटवाल्यांचा भोंगा सुरू झालाय. मायनं दमणीतून उतरून बैल सोडले आणि नदीवर पाणी पाजायला नेले. परत आली की मी तिच्याकडे जाणार आहे. काय सांगायचं ते लिहिता लिहिता ठरलं.

मी हो म्हणणार आहे, दादा.

उद्या मशीन दमणीत घालून मळ्यात नेईन. विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या वाटेवर, जिथं कॅमेरा ठेवला होता तिथंच, उघड्यावर मांडीन. आधी सात खडे धुऊन, शेंदूर लावून काठावर ठेवीन आणि मायच्या हातानं दहीभात ठेवून घेईन. ते खडे मी हलवले होते हेही सांगीन. दिवेलागणीला पांढरं धोतर बांधून त्यावर तुला दाखवीन, जसं झालं तसं. फिल्म शेवटाकडून लावीन आणि हँडल डाव्या हातानं उलटं फिरवीन. तू काठावर हसशील. पाठमोरी उडी घेशील. पाण्यात पडशील, हातपाय मारशील, उस्तादांचे वीस होतील. तू बोटं पसरून हात वर करशील. माय आणि मी दोघंही तुझ्या तोंडाकडे बघत असू. तू जे म्हणालास ते आम्ही वाचू, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत.

आणि मग मी हँडल सोडीन.

फिल्म पेटेल, पेटू दे. अख्खी पेटी जाईल, जाऊ दे. त्याच्या पुढचं, तू खाली जातोस ते आणि ते शांत पाणी, मायला दिसणार नाही, मलाही नाही, कुणालाच नाही. पडद्यावर तू पुन्हा कधी वर येणार नाहीस, हेही मला कळतं. खोटं वर येणं मी पुष्कळ पाहिलं. माझं वचन एवढंच आहे की उद्या तू हाक मार, दादा. या खेपेला हात थांबेल.

तुझा डावरा,
शामू